बावीसातले सहा

२०२४ च्या जूनमधली सकाळ. बाहेर झड लागलेली, व्हरांड्यात छत्र्यांची ओळ, त्यांच्याखालून निघालेले ओघळ थेट ऑफिसच्या दारापर्यंत आलेले. प्रवेश समितीच्या टेबलावर मी आणि एक सहकारी. समोर डिंकाची बाटली, स्टॅम्प पॅड, ओलसर झालेले झेरॉक्स. एक वडील आपल्या मुलीला घेऊन आले होते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत, म्हणजे कागद कोरडे आणि शर्ट ओला. मुलीला मराठी घेऊन बीए करायचं होतं आणि त्याबद्दल तिच्या मनात कसलीच चलबिचल नव्हती. मी फॉर्म भरून घेत होते. मुख्य विषय झाला, मग पुढचे रकाने आले. ‘ओई’च्या, म्हणजे दुसऱ्या शाखेतून घ्यायच्या विषयाच्या, रकान्यात कॉमर्सकडचा गुंतवणुकीचा विषय लिहिला तेव्हा वडिलांनी हात पुढे केला आणि फॉर्म स्वतःकडे वळवून घेतला.

“मॅडम, माझ्या चेडवाक मराठी शिकूचा आसा. मगे ह्या शेअर बाजाराचा कित्याक?”

मी सांगितलं, नवं शैक्षणिक धोरण आलंय, आता प्रत्येकाला दुसऱ्या शाखेचा एखादा विषय घ्यावाच लागतो. उत्तर बरोबरच होतं. त्यांनी मान डोलावली. “म्हंजे वरसून इलेला,” म्हणाले आणि सही केली. आवाजात टोमणा नव्हता. वरून आलेल्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर अशाच स्वीकारल्या असणार, रेशन कार्डावरचा शिक्का असो की जमिनीची मोजणी. पुढच्या मुलाचा फॉर्म आला, त्याच्या पुढच्याचा आला, दुपारपर्यंत डिंक संपला. ते वाक्य मात्र डोक्यात राहिलं. कारण त्या माणसानं विचारलं होतं ‘का’, आणि मी सांगितलं होतं ‘कुणी’.

ज्यांच्या घरात सध्या कुणी एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, आहे त्यांना ही सगळी आद्याक्षरं पाठ असतील, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. क्रेडिट म्हणजे तासांवरून ठरणारं विषयाचं वजन, आणि आमच्या त्या तक्त्यात पहिल्या सेमिस्टरला अशी २२ क्रेडिट होती. त्यातली मुख्य विषयाची सहा. ओईची चार. उरलेली दोन-दोन करून व्हीएससी आणि एसईसी (दोन्ही कौशल्यांचे), एईसी (भाषेचा), व्हीईसी (मूल्यशिक्षणाचा), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) आणि सीसी (सहशालेय उपक्रम) यांच्यात वाटलेली. मुलं याला ‘बास्केट’ म्हणतात आणि पालक ‘ते बाकीचे विषय’ म्हणतात. पालकांचा शब्द मला अधिक खरा वाटतो. मराठीसाठी आलेल्या मुलीच्या वाट्याला आठवड्यात मराठी किती येणार, असा प्रश्न त्या तक्त्याकडे पाहून कुणालाही पडावा. मलाही पडला, आणि मी तर मराठीच शिकवते. स्टाफरूममध्ये त्या दिवसांत आम्ही सगळे एकच आकडा एकमेकांना ऐकवत होतो, बावीसातले सहा, बावीसातले सहा, जणू कुणाच्या वाटणीत अन्याय झालाय.

मग घरी आल्यावर जुना हिशेब आठवला. आमच्या वेळी मुंबई विद्यापीठाच्या एफवायबीएला सहा विषय असायचे. इंग्रजी कम्युनिकेशन स्किल्स, फाउंडेशन कोर्स, एक भाषा आणि तीन ऐच्छिक. त्या ऐच्छिकांपैकी एक मराठी. म्हणजे पूर्वीही पहिल्या वर्षी ‘आपला’ विषय सहातला एकच होता. तेव्हा कुणी गळा काढला नाही, कारण तेव्हा पहिल्या वर्षी आपला विषय असा ठरलेलाच नसायचा. मी स्वतः अर्थशास्त्र करायला आले होते. दहावी-बारावीत मार्क बरे होते, बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या, आणि अर्थशास्त्र म्हटलं की घरचे गप्प बसत होते. मराठी आणि इतिहास हे सोबतीला घेतलेले. तिसऱ्या वर्षापर्यंत कुठे जायचं ते सांगायचं नव्हतं, आणि त्या न सांगण्याच्या दोन वर्षांत माझं अर्थशास्त्र हळूहळू मागे पडलं. आज समोर बसलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला मेजर, म्हणजे मुख्य विषय, टेबलावरच सांगावा लागत होता. बहुशाखीय शिक्षणाचा एवढा गाजावाजा आणि पहिलाच प्रश्न काय, तर तुझी शाखा सांग! ही विसंगती मला शेअर बाजारापेक्षा जास्त खुपली.

आता फाउंडेशन कोर्सबद्दल. एफसी. ज्यांनी मुंबई विद्यापीठातून बीए केलं त्यांच्या चेहऱ्यावर हा शब्द ऐकून एक ठरावीक हसू येतं. भारतीय समाजाची विविधता, विषमता, मानवी हक्क, पर्यावरण, आपत्ती व्यवस्थापन असं सगळं त्यात असायचं. विषय वाईट नव्हते. खरं तर त्या वयात माणसाला सगळ्यात आधी कळायला हवेत असेच ते होते. पण एफसीचा तास म्हणजे शेवटचा तास, सगळ्या तुकड्या एकत्र, वर पत्रे आणि पत्र्यावर पाऊस. पुढच्या तीन बाकांपलीकडे आवाज पोहोचायचा नाही. ज्यांचा वर्कलोड त्या वर्षी कमी भरला असेल ते सर आत यायचे, गाइड उघडायचे आणि वाचायला लागायचे. ओल्या छत्र्या, ओल्या वेण्या, डब्यातल्या लोणच्याचा वास. जातिव्यवस्थेवरचं प्रकरण सर वाचत असताना आमच्यापैकी अर्धी मुलं तीनच्या एसटीचा विचार करत होती. वर्गात जी विविधता आणि जी विषमता बाकाबाकांवर बसलेली होती तिच्याकडे गाइडमधून मान वर काढून कुणी पाहिलं नाही.

त्याच एफसीच्या एका आठवड्यात मात्र उलट घडलं. आमचे सर आजारी होते आणि पर्यावरणाचा भाग शिकवायला वनस्पतिशास्त्राच्या बाई आल्या. त्यांनी वर्गाकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, पाऊस उघडल्याची खात्री केली आणि सांगितलं, चला. कॉलेजच्या मागे सडा आहे. कोकणातल्या मुलाला सडा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जांभ्याचा उघडा माळ, उन्हाळ्यात तळव्याला चटके देणारा, गुरं आणि क्रिकेट यांच्यापलीकडे कुणाच्या कामाचा नसलेला. ऑगस्ट होता. साचलेल्या पाण्याच्या कडेनं निळी-जांभळी नखाएवढी फुलं पसरली होती. ‘सीतेची आसवं’ हे नाव मला आजीकडून माहीत होतं, त्यामागची गोष्टही माहीत होती. बाईंनी एक रोपटं मुळापाशी हळूच मोकळं केलं आणि बारीक फुगे दाखवले. डोळ्यांना जेमतेम दिसणारे. म्हणाल्या, हे सापळे आहेत. पाण्यातले सूक्ष्म जीव यात ओढले जातात आणि झाड त्यांना पचवतं, कारण या कातळावरच्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतो. शेजारी दवबिंदू होती, लाल केसांवर चिकट थेंब घेऊन बसलेली, तीही किडे खाणारी. एका मुलानं विचारलं, म्हणजे हा सडा उपाशी आहे? बाई हसल्या. म्हणाल्या, असंच लिही पेपरात, मी तपासणार असेन तर मार्क देईन.

पेपर त्यांनी तपासला नाही. पेपरात सड्यावर प्रश्नही नव्हता. पण पुढे ज्या-ज्या कवितेत फूल आलं तिथे मी मुळाशी बघायला लागले, आणि माझ्या शिकवण्यात ती सवय कुठून आली हे कुणी विचारलं तर मला फाउंडेशन कोर्सचंच नाव घ्यावं लागेल. हे कबूल करताना थोडी गंमत वाटते. ज्याची आम्ही सगळ्यांनी तीन वर्षं टिंगल केली त्यातल्या एका तासानं मला दिलं ते मेजरच्या कित्येक पेपरांनी दिलं नाही.

कला शाखेच्या पोरानं विज्ञान, गणित कशाला शिकायचं, हा प्रश्न आपल्याला फार जुना वाटतो, पण तो तितका जुना नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. १८६२ मध्ये बीए झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. टिळकांनी डेक्कन कॉलेजातून बीए केलं ते गणित घेऊन. आमच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून बीए झाले, तेही गणित घेऊन, आणि पुढे फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणितच शिकवलं. बीए म्हणजे गणिताला घाबरलेल्यांची सोय, ही समजूत नंतर कधीतरी आपण तयार केली. आणि मराठी? देशी भाषा वरच्या परीक्षांतून काढून टाकल्या गेल्या होत्या, त्या विद्यापीठात परत याव्यात म्हणून रानड्यांना आयुष्याच्या शेवटच्या काळापर्यंत खटपट करावी लागली. म्हणजे ज्या विषयाची सहा क्रेडिट कमी पडली म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये हळहळत होतो, तो एकेकाळी बास्केटमध्येसुद्धा नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं विद्यापीठात सामान्य शिक्षण हवं म्हणून सांगितलं, आणि २०२० च्या धोरणानं त्याच गोष्टीसाठी बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या ६४ कलांचा दाखला दिला. दाखला मला आवडला. ६४ कलांपैकी आमच्या कॉलेजात किती शिकवता येतील याचा विचार मात्र मी फार वेळ केला नाही.

माझी एक भाची पुण्याला एका खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्स करते. पुण्यात हे आता रुळलंय. लवळ्याला फ्लेम आहे, सिंबायोसिसची लिबरल आर्ट्सची शाखा २०११ पासून आहे. दिवाळीत ती आली तेव्हा सांगत होती की मेजर मानसशास्त्र असलं तरी या सेमिस्टरला तिनं संगणकाची एक भाषा आणि नाट्यशास्त्राचा एक कोर्स घेतलाय, आणि दोन्हींत ती कच्ची आहे म्हणूनच मजा येतेय. बोलताना डोळे चमकत होते. मी ऐकत होते आणि मनात त्या ओल्या शर्टाच्या माणसाचा प्रश्न फिरत होता. कागदावर बघितलं तर भाची जे करते आणि आमची मुलं जे करतात ते एकच. स्वतःचा विषय सोडून दुसरीकडे जाणं. तिच्याकडे ते जाहिरातीच्या पहिल्या पानावर असतं, आमच्याकडे फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात. ती ज्या वर्गात जाते तिथे पंचवीस मुलं असतात आणि शिकवणाऱ्यानं तो कोर्स स्वतः मागून घेतलेला असतो. फी किती ते लिहीत नाही, बहिणीला आवडणार नाही.

आमच्याकडे कोर्स कसा ठरतो ते सांगते, कारण हे बाहेरच्यांना दिसत नाही. एप्रिलच्या शेवटी एक बैठक होते. अजेंड्यावर ‘बास्केट निश्चिती’ असं लिहिलेलं असतं. प्रत्येक विभागप्रमुख हातात एक कागद घेऊन येतो आणि त्या कागदावर विषय नसतात, तास असतात. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास भरावे लागतात. तास भरले नाहीत की पद धोक्यात. पद गेलं की ते परत येत नाही, हे गेल्या वीस वर्षांत प्रत्येकानं पाहिलंय. निवृत्त झालेल्या माणसाची खुर्ची तशीच राहते आणि तिच्यावर सीएचबीचा कुणी पोरगा तासाच्या दरानं येऊन बसतो. तेव्हा ज्याचा विषय आता मुलं घेत नाहीत तो ओईत जागा मागतो, ज्याचे तास भरलेत तो म्हणतो आम्हाला नको. असं करत-करत यादी तयार होते. त्या यादीला आपण विद्यार्थ्यांची निवड म्हणतो. मला त्या यादीत आमच्या स्टाफरूमचा हजेरीपट दिसतो.

मागच्या वर्षी एक मुलगा मला येऊन म्हणाला, मॅडम, ओईला मानसशास्त्र नाही का? नव्हतं. त्या विषयाचे सर निवृत्त झाले, जागा रिकामी. शिवाय ओई दुसऱ्या शाखेचंच हवं, त्यामुळे असतं तरी या मुलाला मिळालं नसतं. त्याच्या घरात कुणीतरी आजारी होतं, मनाचं आजारपण, त्यानं एवढंच सांगितलं, मीही पुढे विचारलं नाही. त्याला पोषण आणि आहार मिळाला. तोही शेवटच्या तासाला, आणि त्याच्या गावाची एसटी त्याआधी सुटते. सेमिस्टरच्या शेवटी हजेरीच्या यादीत त्याचं नाव लाल अक्षरांत होतं.

मग माझ्या वाट्याला आयकेएस आलं. भारतीय ज्ञानप्रणाली, दोन क्रेडिट, तीस तास, ५० गुण. संस्कृतचा विभाग आमच्याकडे नाही, इतिहासवाल्यांचे तास भरलेले, मराठीचे थोडे कमी पडत होते. म्हणजे मी नेमकी त्याच जागी जाऊन उभी राहिले जिथे एकेकाळी एफसीचे सर उभे होते. हातात नोट्स, समोर तीन मेजरची मिळून शंभरेक मुलं. पहिले काही तास मी यादीच वाचली. चौदा विद्या, चौसष्ट कला, वेदांगं सहा. मुलं लिहून घेत होती. अशा तासाला वर्गात एक विशिष्ट शांतता असते, कुणी त्रास देत नाही आणि कुणी ऐकतही नाही.

कालगणनेच्या घटकाला तिथी म्हणजे काय ते मी फळ्यावर काढत होते. चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा अंशांचं अंतर पडलं की एक तिथी. मागच्या बाकावरून किनाऱ्यावरच्या गावातला एक मुलगा, जो त्याआधी कधी बोलला नव्हता, शेजाऱ्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होता. मी विचारलं, काय रे? उभा राहिला. म्हणाला, मॅडम, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. वर्ग हसला. मी म्हटलं, इथे येऊन सांग. तो आला, खडू हातात घेतला. चतुर्थी, चार. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला पाणी भरणार. अष्टमीला सहा. अष्टमीला भरती लहान, तिला भांगाची भरती म्हणतात, जाळं कुठे टाकायचं ते त्यावर ठरतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी मोठं. सात-आठ मिनिटं तो बोलत होता आणि वर्गात ती आधीची शांतता नव्हती, दुसरीच होती.

दुपारी मी भूगोलाच्या सरांना गाठलं. त्यांनी चहा बाजूला ठेवून कागदावर मांडलं. चंद्राचा महिना तीस तिथींचा, त्यात भरतीची वेळ पूर्ण एक फेरा मारते, म्हणजे २४ तासांना ३० नी भागा, प्रत्येक तिथीला ४८ मिनिटांचा फरक. पाऊण तास म्हणजे ४५. तोंडी हिशेबाला याहून सोपं काही नाही आणि चूकही दिवसाला तीनच मिनिटांची. पुढच्या तासाला मी सरांनाच वर्गात घेऊन गेले. त्यांनी सांगितलं की ही तीन मिनिटं पंधरा तिथींत साठून पाऊण तास होतात, मग पौर्णिमेला काय करता? मुलगा म्हणाला, पौर्णिमेला बाबा हिशेब करत नाहीत, पाणी बघतात. सर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्यानंतर त्या वर्गात एका मुलीनं आजोबा पावसाची नक्षत्रं आणि वाहनं कशी सांगतात ते सांगितलं, आणि त्यावर एकानं, ते खरं ठरतं का ते तपासलंय का कुणी, असं विचारलं. तो प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. ज्ञानप्रणाली म्हणायचं तर तपासणीही त्यातच यायला हवी, नुसता अभिमान नव्हे.

परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न होता, विद्या किती? अ, ब, क, ड.

एवढं सगळं पाहून माझं मत काय झालं, तर सक्ती हवी. मी हे स्टाफरूममध्ये म्हटलं की लोक चमकतात, कारण मराठीच्या बाईंनी मराठीचे तास वाढवून मागावेत अशी अपेक्षा असते. तेही हवेतच. पण अठराव्या वर्षी स्वतःच्या आवडीवर सोडलं असतं तर मी सड्यावर गेले नसते, आणि तो मुलगा फळ्यापाशी आला नसता. आपल्याला काय आवडतं हे कळायला आधी पुष्कळ न आवडणाऱ्या गोष्टींसमोर बसावं लागतं, आणि ते कुणी आपण होऊन करत नाही. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. मुख्य विषयासाठी आपण माणूस निवडतो आणि सक्तीच्या विषयासाठी उरलेला माणूस पाठवतो. उरलेला माणूस, उरलेली खोली, उरलेला तास. मुलाला पर्याय नाही म्हटल्यावर आपणही फार झटत नाही. खरं तर ज्याला वर्गातून उठून जायची मुभा नाही त्याच्यापुढे आपण सगळ्यात चांगला शिकवणारा उभा करायला हवा. त्या टेबलावर मला हे सुचलं असतं तरी मी बोलले असते की नाही शंका आहे. मागे प्रवेशासाठी रांग होती आणि कॉलेजकडे दाखवण्यासारखं तेव्हा काही नव्हतं.

त्या मुलीचं पहिलं सेमिस्टर झाल्यावर मी तिला सहज विचारलं, गुंतवणुकीचा विषय कसा होता? म्हणाली, बरा होता. स्लाइड इंग्रजीत, बोलणं मराठीत, अर्धं कळलं नाही. म्युच्युअल फंडाची उत्तरं पाठ केली. मग थोडं थांबून म्हणाली, एक मात्र आहे मॅडम. सरांनी ७२ चा हिशेब सांगितला होता, व्याजाच्या दरानं ७२ ला भागायचं, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. आईच्या बचतगटात शेकडा दोननं कर्ज देतात, महिन्याला. ती म्हणायची, दोन टक्के म्हणजे काहीच नाही. मी वर्षाचे चोवीस धरले आणि भागलं. तीन वर्षं आली. आईला दाखवलं तर ती म्हणाली, पण ते व्याज गटातच परत येतं ना. आता त्या दोघींत यावरून वाद चालू आहे, आणि मला त्यात कुणाची बाजू घ्यावी ते खरंच कळलेलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं, यावर लिहून आण. तिनं दीड पान आणलं. वर्षभरात तिनं माझ्या विषयासाठी जे लिहिलं त्यापेक्षा ते दीड पान चांगलं होतं. शुद्धलेखन सोडून.

यंदाच्या एप्रिलच्या बैठकीत मी आणि वनस्पतिशास्त्राच्या तरुण सरांनी मिळून एक कागद दिला. कला आणि वाणिज्यच्या मुलांसाठी ओई, दोन क्रेडिट, नाव साधंच, ‘आपला सडा’. वनस्पती ते सांगतील, भूगोलाचे सर जांभा कसा तयार होतो ते सांगतील, सड्यावरची नावं, गोष्टी आणि कातळशिल्पं मी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर एवढी कातळशिल्पं आहेत आणि आमची मुलं त्यांच्यावरून क्रिकेटचा बॉल आणायला जातात. प्राचार्यांना कल्पना पसंत पडली. वर्कलोडही तिघांत वाटला गेला, त्यात एकाचं भलं आणि दोघांचं किंचित नुकसान झालं, चालायचंच. अडलं ते टाइमटेबलपाशी. तीस तास म्हणजे आठवड्याला दोन, पंधरा आठवडे, नोव्हेंबरपर्यंत. सड्यावरची फुलं सप्टेंबर संपता-संपता आटोपतात, ऑक्टोबरात नुसतं वाळलेलं गवत आणि तापलेला कातळ. सरांचं म्हणणं, ऑगस्ट आणि सप्टेंबरात शनिवारी चार-चार तास घेऊन टाकू. टाइमटेबल बघणाऱ्या सरांचं म्हणणं, सॉफ्टवेअरमध्ये सलग चार तासांचा रकानाच नाही, आणि मस्टरवर ऑक्टोबर कोरा दिसला तर पुढे उत्तर कोण देणार. मी सुचवलं, ऑक्टोबरात मुलांना पाहिलेल्यावर लिहायला बसवू. ते म्हणाले, मग तो विषय भाषेत जाईल, सायन्सच्या बास्केटमध्ये कसा दाखवायचा? सोमवारी पुन्हा बसायचं ठरलंय.